जीव दिला म्हणजे कुणाला?

बाबा गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. मला कुणी काही सांगितलं नाही, मी ऐकलं. आतल्या खोलीत काका कुणाशी तरी हलक्या आवाजात बोलत होते आणि दार नीट लागलेलं नव्हतं. "जीव दिला रे त्याने," काका म्हणाले. मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

शाळेत त्याच सुमारास द्विकर्मक क्रियापद शिकवलं होतं. 'देणे' म्हटलं की दोन कर्मं हवीत. काय दिलं आणि कुणाला दिलं. शिक्षकांनी मुलाला पुस्तक दिलं. मला व्याकरण आवडायचं, वाक्य सुटं करून मांडलं की बरं वाटायचं. काकांचं वाक्य मी रात्रभर सोडवत राहिले. कर्ता बाबा. दिला तो जीव. कुणाला? तिथे जागा रिकामी होती. मोठ्यांना विचारायची सोय नव्हती, कारण मी ते ऐकलंय हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मग मुलं करतात तेच मी केलं, रिकामी जागा स्वतःच भरून टाकली. दिलेली वस्तू कुणाकडे तरी जातेच. घरात मी धाकटी, बाबांची लाडकी. म्हणजे ती माझ्याकडे आली असणार. आता ती नीट वापरायला हवी.

पुढे मी जे काम केलं, पंचवीस वर्षं करते आहे, त्याच्या बुडाशी हे चुकीचं सोडवलेलं वाक्य आहे, असं मला आता मनापासून वाटतं.

बाहेर सांगायला हृदयविकाराचा झटका ठरला. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, आठवत नाही. दोन दिवसांत मी आणि दादा ते सराईतपणे सांगायला लागलो. या खोट्याचा मला सगळ्यात जास्त त्रास एका मुलीमुळे झाला. आमच्या वर्गात होती, तिचे वडील खरोखरच हृदयविकाराने गेले होते. माझं कळल्यावर ती माझ्या बाकावर येऊन बसायला लागली. तिला वाटायचं, वर्गात आपल्यासारखी ही एकटीच. ती झटक्याबद्दल सांगायची, छातीत कसं दुखलं, घाम कसा आला. मग माझ्याकडे बघायची. मी तिने सांगितलेलंच थोडं बदलून तिला परत सांगायचे. दोन वर्षं. तिच्या दुःखातलं चोरून मी माझं झाकत होते. आज ती कुठे आहे मला माहीत नाही. ती भेटली तर काय बोलायचं, हे मात्र मी अनेकदा मनात म्हणून पाहिलं आहे.

बाबांनी चिठ्ठी ठेवली नव्हती. निदान सापडली नव्हती, आणि या दोन गोष्टींतल्या फटीत माझं निम्मं लहानपण गेलं. मी त्यांच्या पुस्तकांची पानं झटकली. कोटाचे खिसे उलटे केले. चष्म्याच्या डबीतलं मऊ कापड काढून खाली पाहिलं. शेवटी हाताशी लागली ती हिशेबाची वही. बाबा रोज रात्री हिशेब लिहायचे, सुबक, डावीकडे समास सोडून. शेवटच्या पानावर नेहमीचाच हिशेब होता आणि खाली पुढच्या महिन्याची यादी: 'छत्रीची तार दुरुस्त करणे. दादाचा चष्मा. जिन्यातला दिवा.'

पुढचा महिना! ज्याला पुढच्या महिन्यात छत्री दुरुस्त करायची आहे तो माणूस असं करेल कसं? म्हणजे काका खोटं बोलले, हा एक निष्कर्ष. दुसरा असा की यादी लिहिल्यानंतर आणि सकाळच्या आत काहीतरी घडलं, आणि ते माझ्यामुळे घडलं. मी त्या रात्री गृहपाठाच्या वहीवर सही घ्यायला गेले होते आणि बाबा म्हणाले होते, "उद्या." मी चिडून वही आपटली होती. अकराव्या वर्षी पुरावा म्हणून एवढं पुरतं.

त्या यादीचं उत्तर मला कॉलेजात, वाचनालयातल्या एका जाड पुस्तकात भेटलं. एडविन श्नाइडमन हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. 1949 साली हा तरुण मानसशास्त्रज्ञ लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयात काम करत होता. आत्महत्येने गेलेल्या दोन माणसांच्या पत्नींना सांत्वनाची पत्रं लिहायचं काम त्याच्या वरिष्ठांनी त्याच्यावर सोपवलं. माहिती काढायला तो मृत्यूची चौकशी करणाऱ्या सरकारी कचेरीच्या दप्तरखान्यात गेला आणि तिथे त्याला एका फाइलमध्ये चिठ्ठी दिसली. मग दुसऱ्या फाइलमध्ये. अशा शेकडो. त्या चिठ्ठ्यांच्या अभ्यासातून एक नवी ज्ञानशाखा उभी राहिली. 1958 साली नॉर्मन फारबेरो आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्याने आत्महत्या प्रतिबंध केंद्र सुरू केलं. माणूस गेल्यावर त्याच्या जवळच्यांशी बोलून त्याच्या मनाचा माग काढायची पद्धतही याच मंडळींनी रूढ केली, मनाचं शवविच्छेदन म्हणा हवं तर.

मला त्यातली सुरुवात फार जवळची वाटते. हे सगळं शास्त्र मागे राहिलेल्या दोन बायकांना काय लिहायचं, या अडचणीतून निघालं.

आणि ज्या चिठ्ठीसाठी मी घर उलटंपालटं केलं होतं तिच्याबद्दल श्नाइडमन काय सांगत होता? बहुतेक माणसं चिठ्ठी ठेवतच नाहीत. जे ठेवतात त्यांच्या चिठ्ठ्यांत पुष्कळदा किल्ल्या कुठे आहेत, कुणाचे पैसे द्यायचे आहेत असलं काहीतरी असतं. ज्या अवस्थेत माणूस हे करतो त्या अवस्थेत त्याचं मन इतकं आकसलेलं असतं की स्वतःचा उलगडा करणारं काही त्याच्या हातून लिहून होत नाही. तसं लिहिण्याइतकी जागा मनात उरली असती तर कदाचित वेळच आली नसती. आणखी एक गोष्ट तो पुन्हा पुन्हा सांगतो: मरावंसं वाटणं आणि जगावंसं वाटणं एकाच माणसात, एकाच वेळी असतं. बाबांना छत्री खरंच दुरुस्त करायची होती. ती यादी खोटी नव्हती आणि काकाही खोटं बोलले नव्हते. मी वाचनालयात बसून रडले, आणि बरीच वर्षं कोंडलेलं काहीतरी त्या दिवशी सुटलं.

चोविसाव्या वर्षी मी एका हेल्पलाइनवर स्वयंसेवक म्हणून जायला लागले. पहिल्या प्रशिक्षणातच शिकवलं की विचारायचं, आडवळणाने नाही, सरळ: तुमच्या मनात जीव देण्याचे विचार येतात का? विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती निराधार आहे, संशोधनाने हे पुन्हा पुन्हा दाखवलंय. उलट बहुतेकांचा श्वास मोकळा झालेला फोनवरही ऐकू येतो. कुणीतरी नाव घेतलं एकदाचं! (हे वाचणाऱ्या कुणाच्या मनात असं काही चालू असेल, तर माझी हात जोडून विनंती आहे: आज, शक्य तर आत्ता, कुणा एकाला सांगा. घरच्याला, मित्राला, डॉक्टरांना, हेल्पलाइनवरच्या अनोळखी माणसाला. वाक्य जमलं नाही तरी चालेल. आम्हाला तुटक ऐकायची सवय असते.)

मी काम जीव ओतून करत होते. सातव्या वर्षी मला झोप येईनाशी झाली. आमच्या एक ज्येष्ठ सहकारी होत्या, आम्ही त्यांना ताई म्हणायचो. त्यांनी मला एके दिवशी फोनची नोंदवही घेऊन बसवलं. त्यांनी काही भाष्य केलं नाही, पेन्सिलीने फक्त खुणा केल्या होत्या. चाळिशीतल्या पुरुषांचे फोन मी घेतले की ते इतरांच्या फोनपेक्षा दुपटीने लांबत होते. माझी वेळ संपल्यावरही मी ते दुसऱ्याकडे सोपवत नव्हते. त्याच वहीत एका एकोणीस वर्षांच्या मुलीचा फोन मी नऊ मिनिटांत संपवला होता. ताईंनी त्या नऊवर बोट ठेवलं आणि उठून गेल्या.

त्या नऊ मिनिटांची मला अजून लाज वाटते. माझ्याकडे दिलेला जीव नीट वापरायचा म्हणून मी बसले होते आणि प्रत्यक्षात रोज रात्री एकाच माणसाला वाचवायला बघत होते, जो वीस वर्षांपूर्वीच गेला होता. मी वर्षभर फोन सोडला. स्वतः उपचार घेतले. परतले तेव्हा काम बदलून घेतलं होतं. आता मी आई किंवा वडील असे गेलेल्या मुलांबरोबर काम करते. इंग्रजीत याला पोस्टव्हेन्शन म्हणतात, शब्द श्नाइडमनचाच. घटना घडून गेल्यानंतर मागे राहिलेल्यांसाठी करायचं काम.

त्या कामात पहिली लढाई मोठ्यांशी असते. "एवढ्या लहान पोराला कसं सांगायचं?" मी म्हणते, त्याने ऐकलेलं असतं. दार कधीच पूर्ण लागलेलं नसतं. खरं सांगा, थोडक्यात सांगा, त्याला कळेल अशा शब्दांत सांगा: बाबांच्या मनाला आजार झाला होता, तो इतका वाढला की त्यांना दुसरं काही सुचेना, आणि त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. कसं, याचा तपशील द्यायची गरज नाही, पण मूल विचारेल तेव्हा खोटं सांगू नका. मुलांचे प्रश्न, शब्द कोणतेही असोत, तीनच असतात. माझ्यामुळे झालं का? आता आईपण तसंच करेल का, किंवा मी? आणि मला कोण सांभाळणार? या तिन्हींची उत्तरं एकदा देऊन भागत नाही. सातव्या वर्षी दिलेलं उत्तर बाराव्या वर्षी पुन्हा द्यावं लागतं, कारण मधल्या काळात मूल नवा प्रश्न घेऊन मोठं झालेलं असतं.

शब्दांशीही मी भांडत असते. 'आत्महत्या' या शब्दात हत्या आहे, आणि हत्या म्हटलं की गुन्हेगार आलाच. 'केली' म्हटलं की थंड डोक्याने केलेलं कृत्य वाटतं. 'जीव दिला' त्यातल्या त्यात मायेचं, पण त्याने माझ्यासारख्या मुलीचं काय होतं ते सांगितलंच. मला अजून पूर्ण समाधान देणारा शब्द मिळालेला नाही. मी 'आत्महत्येने गेले' म्हणते. आजाराने गेले, अपघाताने गेले, तसं.

लोकांना माझी गोष्ट सरळ रेषेत हवी असते. वडील असे गेले, म्हणून मुलगी समुपदेशक झाली. कार्यक्रमात माझी ओळख करून देतात तेव्हा 'दुःखाला सामर्थ्य बनवलं' असं म्हणतात आणि टाळ्या पडतात. मला त्या टाळ्या नको असतात. दादाचेही तेच वडील गेले. तो विमा कंपनीत नोकरी करतो, संध्याकाळी मुलांना पोहायला नेतो, आणि बाबांबद्दल बोलत नाही. त्याचं आयुष्य कमी घडलं का? चित्रकार रेने माग्रित तेरा वर्षांचा असताना, 1912 साली, त्याची आई अशीच गेली. पुढे त्याने कापडाने चेहरे झाकलेली माणसं रंगवली आणि आजवर लोक त्या कापडाखाली त्याची आई शोधतात. त्याला स्वतःला चित्रांचे असले मानसशास्त्रीय अर्थ लावलेले आवडत नसत. मी त्याच्या बाजूची आहे. दुःख कामात उतरतं, पण कुठून उतरलं ते काम करणाऱ्यालाही नेमकं दिसत नाही. मला जे वाक्य दिसलं ते दिसायला चाळिशी उलटावी लागली.

कधी कधी तर काम सुरू व्हायला दुसऱ्याचा आवाज लागतो. अमेरिकेचे सिनेटर हॅरी रीड यांचे वडील 1972 साली आत्महत्येने गेले. रीड राजकारणात वर चढत राहिले आणि याबद्दल जाहीरपणे बोलले नाहीत. 1996 साली सिनेटच्या समितीपुढे वृद्धांमधल्या नैराश्यावर सुनावणी चालू होती. पत्रकार माइक वॉलेस स्वतःच्या नैराश्याबद्दल मोकळेपणाने बोलले, आणि समोर बसलेल्या रीड यांच्या तोंडून वडिलांची गोष्ट बाहेर पडली. चोवीस वर्षांनी! 1999 साली त्यांनीच मांडलेल्या ठरावामुळे आत्महत्येने जवळचं माणूस गमावलेल्यांसाठी नोव्हेंबरमधला एक शनिवार ठरला. आता तो अनेक देशांत पाळतात. पण मला तो दिवस आठवतो तेव्हा ठराव आठवत नाही, खुर्चीत बसून दुसऱ्याचं ऐकणारा एक मध्यमवयीन मुलगा आठवतो.

गेल्या वर्षी एका शाळेत मुलांसमोर बोलत होते. माझ्या पहिल्या स्लाइडवर कित्येक वर्षं एकच वाक्य असायचं: 'आत्महत्या टाळता येतात.' मी ते पोटतिडकीने सांगते, कारण ते खरं आहे. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका पुलावरून परत आणलेल्या 515 माणसांचं पुढे काय झालं याचा माग रिचर्ड सायडन यांनी काढला होता. 1978 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या माणसांपैकी दर दहातली नऊहून अधिक माणसं अनेक वर्षांनंतरही जिवंत होती किंवा नैसर्गिक मृत्यूने गेली होती. ती वेळ टळली की बहुतेक माणसं जगतात. जगात दरवर्षी सात लाखांहून अधिक लोक आत्महत्येने जातात, त्यातली पुष्कळ वाचू शकतात. माझं सगळं काम या एका भरवशावर उभं आहे.

बोलणं संपल्यावर तिसऱ्या रांगेतल्या मुलाने हात वर केला. नऊ-दहा वर्षांचा असेल. "टाळता येते, तर माझ्या आईची कुणी का नाही टाळली?"

शिक्षिका चटकन पुढे झाल्या. मी त्यांना थांबवलं, पण मला उत्तर सुचत नव्हतं. कारण ते वाक्य माझ्याही अंगावर पहिल्यापासून येत होतं, मी फक्त आवाज चढवून त्याला गप्प करत होते. टाळता येतं म्हणजे टाळायला हवं होतं. म्हणजे कुणीतरी टाळलं नाही. सही न मिळालेली वही आपटून निघून गेलेल्या मुलीला हे वाक्य काय सांगतं? जे वाक्य अनोळखी माणसांना वाचवतं, तेच गेलेल्यांच्या घरात आरोप होऊन शिरतं. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "ज्यांच्या हातात ते होतं, त्यांना ते दिसत नव्हतं. आणि तू तर मुलगा होतास. आईला वाचवणं मुलाचं काम नसतं." त्याने मान हलवली. त्याला पटलं असं मला वाटलं नाही. आम्ही त्यानंतर अनेकदा भेटलो आहोत.

बाबा त्रेचाळिसाव्या वर्षी गेले. मी त्रेचाळीस पूर्ण केलं ते वर्ष कसं काढलं ते मलाच ठाऊक. स्वीडनमधल्या नोंदींवर आधारलेला 2010 चा एक मोठा अभ्यास सांगतो की लहानपणी किंवा किशोरवयात आई किंवा वडील असे गमावलेल्यांना, आई-वडील हयात असलेल्यांपेक्षा आत्महत्येचा धोका तिपटीने असतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फक्त 'तिपटीने' एवढंच दिसलं. नंतर ताईंनी शांतपणे वाचून दाखवलं की मुळातली संख्या इतकी लहान आहे की तिप्पट झाल्यावरही जवळजवळ सगळी मुलं जगतात. त्यांना वेळेवर आधार मिळावा, एवढाच त्या आकड्याचा निरोप. चव्वेचाळिसाव्या वाढदिवसाला मी एक नवी छत्री घेतली. का ते कुणाला सांगितलं नाही.

त्या मुलाच्या प्रश्नानंतर मी स्लाइडवरचं वाक्य बदलायला बसले. आई समोरच्या खुर्चीत होती. ती आता सत्याहत्तर वर्षांची आहे. माझं काम काय आहे हे तिला माहीत आहे, पण ती 'मुलांचं काहीतरी करते' एवढंच लोकांना सांगते. घरात तो शब्द कधी उच्चारला गेला नाही. संशोधक सांगतात, एका आत्महत्येची झळ साधारण 135 माणसांपर्यंत पोचते. मी त्या 135 जणांच्या गोष्टी ऐकत फिरले, आणि माझ्या घरातल्या पहिल्या माणसाला कधी काही विचारलंच नाही. तिला त्रास होईल म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. खरं तर मला तिचं उत्तर ऐकायची भीती वाटत होती.

"काय लिहितेस?" तिने विचारलं.

मी वाचून दाखवलं: "पुष्कळ आत्महत्या टाळता येतात. पण जी टळली नाही ती घरातल्यांमुळे घडली, असा याचा अर्थ होत नाही."

"परत वाच."

मी परत वाचलं. ती खिडकीकडे बघत होती.

"त्या दिवशी ह्यांनी मला दोनदा हाक मारली होती," आई म्हणाली. "मी कपड्यांच्या घड्या घालत होते. म्हटलं, आले. चारच घड्या राहिल्या होत्या."

इतकी वर्षं तिने त्या चार घड्या मोजून ठेवल्या होत्या. अशा वेळी काय बोलायचं हे मी लोकांना शिकवते. त्यातलं एकही वाक्य मला आठवलं नाही. मी उठून तिच्या पायाशी बसले.

"कशी मारली हाक?" मी विचारलं. "बाबा तुला काय म्हणायचे?"

तिने सांगितलं. ते नाव मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होते.